बाबुराव शेडमाके : चांद्याच्या अरण्यातील वणवा

नेर (जि. यवतमाळ), प्रतिनिधी - २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात, पिंपळाच्या झाडाखाली एका गोंड जमीनदाराला फाशी देण्यात आली. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षे सात महिने होते. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत त्याने कंपनी सरकारच्या फौजेला वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या काठच्या जंगलांत झुंजवत ठेवले होते. या काळात इंग्रजांनी त्याच्यावर तुकड्या पाठवल्या, डोंगराला वेढे घातले, वाटा अडवल्या. पण तो हाती लागला नाही. अखेरीस तो पकडला गेला तो एका गोंड जमीनदारणीच्या माणसांकडून. वीर बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांच्या चरित्राचा सारा सल या एका वाक्यात सामावला आहे.

१८५७ च्या उठावाचा इतिहास आपण मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी या क्रमाने शिकतो. विदर्भातील मुलांनाही तो तसाच शिकवला जातो. वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या मुलखात त्याच वेळी एक स्वतंत्र युद्ध लढले जात होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरांत बाबुरावांचे नाव आदराने घेतले जाते. शहरी वाचकाला मात्र ते टपाल तिकिटावरील एका चित्रापलीकडे क्वचितच माहीत असते.

राज्ये बुडाली, जमीनदाऱ्या उरल्या

चांद्याचे गोंड राज्य हे मध्य भारतातील जुन्या राज्यांपैकी एक. अकबराच्या काळी, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ राणी असताना, अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या गोंड राजाची दखल घेतली आहे. त्याच्यापाशी एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे तो लिहितो. वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही तेथे उल्लेख आहे. हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या ताब्यात गेले. राजा गेला, तरी जंगलातील गोंड जमीनदार राहिले. भोसल्यांना ठरलेली रक्कम द्यायची आणि आपल्या मुलखात आपल्या रीतीने कारभार करायचा, असा हा व्यवहार जवळजवळ शंभर वर्षे चालला.

इंग्रजांचे पाऊल या भागात १८१८ मध्ये पडले. त्या वर्षी १७ एप्रिलला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेचा आपल्याच जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात चांद्याचा किल्ला पडला. तरीही सत्ता भोसल्यांच्या नावाने चालू होती. खरा बदल १८५३ आणि १८५४ या दोन वर्षांत झाला. मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. नेर, दारव्हा, यवतमाळ हा सारा भाग त्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिसरे रघुजी भोसले पुत्राविना निवर्तले आणि लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. डिसेंबर १८५४ मध्ये चांद्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याने हाती घेतला. वर्धेच्या दोन्ही काठांवर दोन वर्षांच्या आत एकच झेंडा लागला.

जमीनदारांच्या दृष्टीने हा केवळ धनी बदलण्याचा प्रकार नव्हता. भोसल्यांना टाकोळी पोचली की जंगलात काय चालले आहे, याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नसे. कंपनीच्या कारभारात प्रत्येक गावाची मोजदाद आली, हक्क कागदावर आले, न्यायनिवाडा साहेबाच्या कचेरीत गेला. चांद्याच्या सागवानी जंगलाचे मोल तिला उमगले होते. ज्या रानावर गोंडांचे देव, देवाण-घेवाण आणि पोट अवलंबून होते, ते आता कोणा दुसऱ्याच्या वहीत मालमत्ता म्हणून नोंदले जाऊ लागले.

मोलमपल्लीचा तरुण

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे झाला. हे गाव अहेरीच्या परिसरातील असून आज ते गडचिरोली जिल्ह्यात येते. वडील पुल्लेसुरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार. आईचे नाव जुर्जाकुंवर. राजगोंड घराण्याची ही जमीनदारी चोवीस गावांची, म्हणजे लहानच होती. शेजारची अहेरीची जमीनदारी चांद्यातील सर्वांत मोठी. तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक. या दोन घरांतील अंतर पुढच्या घटनाक्रमात निर्णायक ठरले.

त्यांचे चरित्रकार सांगतात की, बालपणी त्यांनी गोटुलात गोंडी रीतिरिवाज, गाणी आणि शस्त्रविद्या आत्मसात केली आणि नंतर वडिलांनी त्यांना इंग्रजी शिकण्यासाठी रायपूरला पाठवले. तरुण वयातच जमीनदारीची सूत्रे हाती आली. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भालदार-चोपदारांत रमावे आणि साहेबाला नजराणा पाठवून स्वस्थ बसावे, इतकी सोय त्यांना होती.

गोंड समाजाची रचना समजल्याशिवाय बाबुरावांच्या हालचालींचा अर्थ लागत नाही. हा समाज देवांच्या संख्येवरून सगांमध्ये विभागलेला आहे : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका सगातील माणसे भाऊबंद. सोयरीक दुसऱ्या सगात. त्यामुळे एका जमीनदाराने हाक दिली की, ती रक्ताच्या आणि सोयरिकीच्या वाटांनी गावोगाव पोचते. सैन्यभरतीची कचेरी लागत नाही. मात्र हीच रचना एका जमीनदाराला दुसऱ्याच्या आज्ञेत बांधत नाही. प्रत्येक घर आपापल्या मुलखात राजा. बळ आणि दुबळेपण, दोन्ही एकाच मुळातून आलेले.

१८५७ च्या जूनमध्ये नागपुरात टाकळीच्या घोडदळाने उठावाचा बेत केला होता. तो फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. भोसले घराण्यातील वृद्ध बाकाबाईंनी इंग्रजांची बाजू धरल्याने राजधानी शांत राहिली. नागपूर थंड पडल्यावर चांदा पेटण्याचे काही कारण उरले नाही, असा अधिकाऱ्यांचा समज झाला असावा. परंतु त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी बाबुरावांनी सुमारे पाचशे तरुणांची ‘जंगोम सेना’ उभी केली, असे परंपरा सांगते. जंगोम म्हणजे जागृती.

राजगड ते चिंचगुंडी

७ मार्च १८५८ रोजी बाबुरावांनी राजगड परगण्यावर हल्ला केला आणि तो ताब्यात घेतला. त्या वेळी चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. त्याने ताबडतोब फौज रवाना केली. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे गाठ पडली आणि इंग्रजी तुकडीला माघार घ्यावी लागली. आदल्याच दिवशी बाबुरावांनी पंचविसावे वर्ष पूर्ण केले होते.

या विजयाने शेजारच्या अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव उघडपणे त्यांना येऊन मिळाले. गोंडांच्या जोडीला रोहिले आले. बाबुरावांचा पहिला मुक्काम गढीसुर्ल्याच्या डोंगरावर होता. इंग्रजांनी डोंगराला वेढा घातला, तेव्हा वरून दगडधोंड्यांचा वर्षाव करून गोंडांनी तो उधळला, ही कथा त्या भागात अजून सांगितली जाते. एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामनपेठ येथे चकमकी झाल्या. क्रिक्टनपाशी बंदुका आणि कवायती शिपाई होते. बाबुरावांपाशी बांबूची बेटे, नाले, घाट आणि वाटाड्यांची गरज नसलेली माणसे. उन्हाळा वाढत होता. पाणवठे कोठे आहेत, हे एकाच पक्षाला ठाऊक होते.

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला. ही घटना बाबुरावांच्या आयुष्याला कलाटणी देणारी ठरली. तारायंत्र हे त्या काळी कंपनीचे सर्वांत तीक्ष्ण शस्त्र होते. १८५७ मध्ये तारेने पोचलेल्या बातम्यांनी इंग्रजांना अनेक ठिकाणी वेळेवर सावध केले होते. त्यामुळे या तळावरील घाव मर्मावर बसला. पण दोन गोऱ्या माणसांच्या मृत्यूने प्रकरणाचे स्वरूपही पालटले. आतापर्यंत चांद्याच्या अधिकाऱ्याला हा एका जंगलातील बंडाळीचा प्रश्न वाटत होता. यापुढे तो सरकारच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. बाबुरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस लावले गेले, असे सांगतात.

आयर्लंडमधील जुना पाठ

जंगलात फौजेने जमत नाही, हे लक्षात आल्यावर क्रिक्टनने जो मार्ग धरला, तो त्याच्या देशबांधवांना नवा नव्हता. अडीचशे वर्षांपूर्वी एलिझाबेथ राणीच्या फौजा आयर्लंडमधील कुळांशी लढत होत्या. तेथेही प्रत्येक कुळाचा एक नायक, त्याचा स्वतःचा मुलूख, स्वतःचे कायदे. इंग्रजी राजाने या नायकांना आधी एक देकार दिला होता : आपली जमीन राजाच्या पायाशी ठेवावी आणि तीच जमीन इंग्रजी पदवीसह राजाकडून परत घ्यावी. जमीन तीच, गावे तीच. पण मालकीचे मूळ आता कुळात नव्हे, राजाच्या कागदात. अनेकांनी हा देकार स्वीकारला.

अल्स्टर प्रांतातील ह्यू ओनील हा असाच इंग्रजी सरदारकीची पदवी घेतलेला नायक. १५९४ मध्ये सुरू झालेल्या नऊ वर्षांच्या युद्धात तो इंग्रजांविरुद्ध उभा ठाकला. ऑगस्ट १५९८ मध्ये यलो फोर्ड येथे त्याने इंग्रजी सैन्याचा दारुण पराभव केला. दलदल आणि रान यांचा त्याने केलेला उपयोग पाहिला की गढीसुर्ल्याची आठवण होते. त्याचा जोडीदार होता तरुण रेड ह्यू ओडॉनेल. इंग्रजांनी या ओडॉनेलच्या घरातच फूट पाडली. त्याचा चुलतभाऊ आणि बहिणीचा नवरा नीअल गार्व याला कुळाच्या नायकपदाची आशा दाखवण्यात आली. १६०० मध्ये तो इंग्रजांना मिळाला आणि त्याच्या मदतीने त्यांना त्या मुलखाचे दार उघडले. १६०१ च्या अखेरीस किन्सेल येथे बंडखोरांचा पराभव झाला. १६०३ मध्ये ओनील शरण आला आणि १६०७ मध्ये देश सोडून गेला. पुढच्या काही वर्षांत अल्स्टरच्या जमिनी परक्या वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या.

नीअल गार्वचे काय झाले? ज्या राज्यासाठी त्याने मेहुण्याला दगा दिला, ते राज्य त्याला मिळाले नाही. १६०९ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले आणि १६२६ मध्ये तो तेथेच मेला.

अहेरीचा निर्णय

क्रिक्टनने आपली नजर अहेरीकडे वळवली. तेथील जमीनदारी लक्ष्मीबाई या स्त्रीच्या हाती होती. बाबुरावांना पकडून देण्यात साहाय्य करावे, अन्यथा बंडखोरांना सामील असल्याचे मानून जमीनदारी जप्त होईल, असा दबाव तिच्यावर आणण्यात आला, असे सांगितले जाते. मोलमपल्लीची चोवीस गावे गमावण्याची तयारी पंचवीस वर्षांच्या तरुणाने केली होती. अडीच हजार चौरस मैलांचा मुलूख पणाला लावण्याची तयारी लक्ष्मीबाईंनी केली नाही.

या स्त्रीला लोककथेने खलनायिका ठरवले आहे आणि ते स्वाभाविक आहे. तरीही तिच्यापुढील पेच ध्यानात घ्यायला हवा. सभोवार एकेक संस्थान खालसा होत होते. नागपूरचे राज्य चार वर्षांपूर्वी एका हुकमाने संपले होते. मार्च १८५८ मध्ये दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या हाती येऊन सहा महिने झाले होते आणि जूनमध्ये झाशीची राणी ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली. बाबुरावांचे पारडे जड होण्याची आशा पावसाळ्यापर्यंत कोणत्याही व्यवहारी जमीनदाराला उरली नसणार. लक्ष्मीबाईंनी हिशेब केला. त्या हिशेबात जंगलाच्या स्वातंत्र्याला जागा नव्हती.

जुलैमध्ये बाबुराव भोपालपट्टणमच्या बाजूला असताना रोहिल्यांनी त्यांना पकडले होते; पण ते त्यांच्या हातून निसटले. त्यानंतर मात्र वाटा आकसत गेल्या. १८ सप्टेंबर १८५८ रोजी अहेरीच्या माणसांनी त्यांना कैद केले आणि क्रिक्टनच्या हवाली केले. लक्ष्मीबाईंनी जेवणाचे आमंत्रण देऊन बोलावले आणि पानावरच त्यांना धरले, असे लोक सांगतात. ही हकिगत अक्षरशः घडली असो वा नसो, गोंड समाजाला या अटकेत नेमके काय दुखले, ते तीत उतरले आहे. ज्याला आपल्या घरी वाढले, त्याला शत्रूच्या हाती देणे, हा त्या समाजाच्या लेखी राजद्रोहाहून मोठा अपराध.

पिंपळाचे झाड

चांद्याला आणल्यावर खटला उरकायला फार दिवस लागले नाहीत. सरकारविरुद्ध बंड आणि तारखात्याच्या कर्मचाऱ्यांच्या हत्या या प्रकरणात फाशीची शिक्षा झाली आणि २१ ऑक्टोबरला ती अमलात आली. अटकेपासून फाशीपर्यंत तेहतीस दिवस. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा देशभर वाचला गेला. इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग न घेतलेल्या बंडखोरांना त्यात माफीचे आश्वासन होते. चिंचगुंडीमुळे ती माफी बाबुरावांपर्यंत पोचली नसती, हे खरे. परंतु कंपनीचे राज्य मावळत असताना दिल्या गेलेल्या शेवटच्या फाश्यांपैकी ही एक होती. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून नागपूरच्या रोखाने आले. दोघांची गाठ पडती तर काय झाले असते, या कल्पनेला इतिहासात स्थान नाही. पण तात्या आले तेव्हा त्यांना साथ देऊ शकणारा चांद्याचा तरुण दहा दिवसांपूर्वीच फासावर गेला होता, एवढे नोंदवावेच लागते.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निघून गेले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून दिले. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची जमीनदारी जप्त करण्यात आली. अडपल्ली-घोटच्या या जप्त मुलखातील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. म्हणजे एका गोंड घराची गावे काढून दुसऱ्या गोंड घराला देण्यात आली आणि देणारा तिसराच होता. आयर्लंडमधील कागदाचा अर्थ येथे पुरता उमगतो. गावे कोणाच्या नावे राहिली, हा प्रश्न दुय्यम होता. ती कोणाच्या मर्जीने राहिली, हा खरा प्रश्न होता. जिंकलेल्या लक्ष्मीबाई आणि हरलेले व्यंकटराव या दोघांच्याही हातून ती मर्जी सारखीच गेली होती.

नोंद कोणाची, आठवण कोणाची

बाबुरावांविषयी लेखी जे सापडते, ते मुख्यतः त्यांना फाशी देणाऱ्या राज्याने लिहिलेले आहे. मेजर ल्यूसी-स्मिथचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा महसूल अहवाल आणि त्यावर आधारलेली नंतरची गॅझेटिअर यांत त्यांना जागा मिळाली ती काही ओळींची. एक किरकोळ जमीनदार, त्याची लूटमार, त्याचा बंदोबस्त. जमिनीच्या महसुलाचा हिशेब देणाऱ्या ग्रंथात त्यांची नोंद व्हावी, हेही अर्थपूर्णच आहे. त्यांचे स्वतःचे पत्र किंवा जबानी आज आपल्या वाचनात नाही.

दुसरी नोंद गोंडांच्या ओठांवर आहे. त्यात बाबुरावांनी दैवी शक्ती प्राप्त करून घेतली होती, बांबूच्या दुर्मीळ कंदामुळे शस्त्र त्यांना बाधत नव्हते, फासाचा दोर एकदा नव्हे तर अनेकदा तुटला, अशा कथा आहेत. इतिहासाचा अभ्यासक त्या बाजूला ठेवील. परंतु ज्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांनी आपल्या माणसाला काही ओळींत संपू दिले नाही, हे या कथांमुळेच घडले. चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळ हे त्या स्मृतीचे ठिकाण बनले. २१ ऑक्टोबर हा दिवस विदर्भातील आदिवासी समाज शहीद दिन म्हणून पाळतो. भारतीय टपाल खात्याने बाबुरावांच्या नावे तिकीट काढले.

बाबुरावांच्या मृत्यूनंतर त्यांनी ज्यासाठी शस्त्र उचलले, तो प्रश्न मिटला नाही. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलावरील सरकारी हक्क अधिक पक्का केला. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी आपल्याच जिल्ह्यात पुसद येथे जंगल सत्याग्रह केला, तेव्हा सरकारी रानातील गवत कापणे हाच कायदेभंग होता. भाल्याऐवजी विळा आला. वाद तोच राहिला. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि किष्टापूर तिकडे गेले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्याच गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. हा हक्क कोणा जमीनदाराला नव्हे, साऱ्या गावाला मिळाला.

बाबुरावांच्या काळी जंगलाचा स्वामी कोण, हा वाद जमीनदार आणि कंपनी यांच्यात होता. त्यात एका जमीनदाराला फोडले की दुसरा संपत असे. ज्या हक्काचा धनी सारा गाव आहे, तो एका माणसाला बोलावून, धमकावून किंवा ६७ गावांचे आमिष दाखवून काढून घेता येत नाही. अहेरीच्या त्या निर्णयातून घ्यावयाचा धडा असेल तर तो हाच, आणि तो शिकायला आपल्याला दीडशे वर्षे लागली.